पोटातलं धाबं

माझे वडील, आबा, ट्रॅक्टरवरून पडले, डोक्याला मार बसला. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यातून त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात आणलं, नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे." नर्सने मायला सिरिंजने भरवायचं शिकवलं.

मी धुळ्यातच देवपूरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. रोज दोन डबे न्यायचे. एकात आबांची पातळ पेज, दुसऱ्यात मायची भाकरी-भाजी. दोन्ही रिकामे, घासून पुसून मिळायचे. मी आपली खुशीत.

चौथ्या दिवशी आबांना ताप भरला. पाचव्या दिवशी मी लवकर पोचले, तर माय पेज बेसिनमध्ये ओतत होती.

माझं डोकंच फिरलं. "माय, काय करी राहिनी तू?"

"वरडू नको. त्यास्ना जीव घाबरेल शे. पोटले आराम नको का?"

खूप राग आला, आणि मग माझाच आला. बारावीला परीक्षेच्या धास्तीने माझं पोट बिघडायचं, तेव्हा हीच मला लंघन घडवायची आणि मी बरी व्हायचे. बैल बसला तरी आधी चारा बंद. तिला भरवायचं कसं ते दाखवलं होतं, का ते कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गात घसा बसेपर्यंत जे शिकवते, ते मी घरात चकार शब्दाने बोलले नव्हते.

तिला बाकावर बसवलं. आपल्या घराच्या धाब्यावर, त्या मातीच्या छपरावर, दर उन्हाळ्यात खारी माती का टाकतेस, विचारलं.

"नही ते पावसात गळी ना!"

मग सांगितलं. आतड्यालाही आतून तसाच थर असतो. आत कोट्यवधी जंतू राहतात, एरवी शहाण्यासारखे. शरीराला धक्का बसला, जीव धास्तावला, की आतड्याचं रक्त कमी पडतं, थर विरतो आणि फटींतून जंतू रक्तात उतरतात. पोटात गेलेली पेज त्या थराला धरून ठेवते.

तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मनामुळे ताप उना का वं?"

ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. तिने डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि सिरिंज धुवायला घेतली. त्यानंतर एकही वेळ चुकवली नाही.

ताप उतरला. नवव्या दिवशी नळी निघाली. आबा घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी मला विचारलं, "तुनी माय जेवनी का?"

"जेवते ना, मी रोज डबा आणते."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून संकोचून म्हणाली, "ताई, तो डबा तर त्या आम्हाला देतात. म्हणतात, माझं झालं."

माय खाली बघत राहिली. नऊ दिवस ती नुसत्या चहावर होती. धास्तीने आतडं कसं विरतं ते मी जिला समजावलं, ती तेव्हाही माझ्यासमोर उपाशीच बसली होती. मला फार लाज वाटली.

मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला. तिने तो गिळेपर्यंत आबांनी तिच्यावरची नजर काढली नाही.