लाटेची लांबी

वर्गात सर उजवा तळहात छातीपर्यंत उचलायचे, मग तोच हात आडवा खिडकीपर्यंत न्यायचे आणि म्हणायचे, "उंची मले नोको सांगू. लांबी सांग." पोरं हसायची. समुद्रापासून शेकडो मैल लांब, पांढुर्ण्यात बसून लाटा मोजायच्या म्हटल्यावर हसणारच.

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायची, त्यामुळे हा भूगोलाचा धडा दरवर्षी भिंतीपलीकडून ऐकला. तुम्हीही ऐका. लाटेच्या नुसत्या उंचीवरून काही कळत नाही. दोन लाटांमधलं अंतर भरपूर असेल, तर लाट चपटी होऊन येते आणि किनाऱ्यावर रेती टाकून जाते. अंतर कमी झालं की तीच लाट ताठ उभी राहते, आदळते आणि रेती ओढून नेते. पावसाळ्यात किनारा खंगतो तो असा. पुढे उन्हाळ्यापर्यंत पुन्हा भरतो.

हे गणित सर माणसांनाही लावायचे. मी स्टाफरूममध्ये लागोपाठ तिघांवर खेकसले की चहा फुंकत म्हणायचे, "म्याडम, तुमची लांबी कमी होऊन राहिली." असा राग यायचा ना.

स्वतः सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

"मग उन्हाळ्यात जाऊन या की," मी म्हणायची.

"उन्हाळ्यात चपटी लाट. ते रेती आनते. मले नेनारी पाहाची हाय."

म्हणजे पावसाळा. पावसाळ्यात सलग सुट्टी पोळ्याची, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार. जाम नदीच्या या काठावर आम्ही, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. सरांचा एकुलता मुलगा दरवर्षी पुढच्या रांगेत. बिन आईचं पोर. सर सकाळपासून ओला टॉवेल घेऊन काठावर उभे.

दरवर्षी तिकीट काढायचे आणि पोळा जवळ आला की रद्द करायचे. मी भांडले. "सर, पोरगा तिशीला आला. तुमच्या टॉवेलनं दगड अडतो का?"

"नाही अडत."

"मग?"

"त्याले लागन, तवा मी तिकडं लाटा पाहत असन. थे मले नाही जमत."

आता यावर काय डोकं फोडायचं? मग मुलालाच गाठून झापलं. "एक वर्ष नदीवर जाऊ नको. बापाला समुद्र दिसू दे." तो कपाळावरचे टाके चाचपत म्हणाला, "पुढल्या साली, म्याडम." सर निवृत्त झाले तरी सवयीनं तिकीट पोळ्याचंच काढायचे, आणि हेच चालू राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. मी रडले, पण रडण्यापेक्षा चिडले जास्त. इतकं साधं होतं हो, आणि तेवढं झालं नाही.

यंदा गोटमारीच्या दिवशी नदीकडचा आरडाओरडा ओसरीपर्यंत येत होता. तेवढ्यात फोन वाजला. सरांचा मुलगा. मागे कसला तरी धबधब आवाज.

"म्याडम, मी कोकनात हाय. समुद्रावर. बाबाचा टॉवेल आनला संगं."

"आज?"

"हो. लय उंच लाटा येऊन राहिल्या."

संताप आला. बाप होता तेव्हा याचा पाय नदीवरून निघाला नाही, आणि आज निघाला. तोंडात शिवी आली होती.

"म्याडम, आयकू येते का?"

"उंची नको सांगू मला," मी म्हणाले. "लांबी सांग."

त्यानं फोन लाटांकडे धरला असावा. बराच वेळ फोनमधून नुसत्या लाटा ऐकू येत राहिल्या, एकीवर एक, अगदी जवळजवळ.