दिव्यांभोवतीची कडी

वाघमारे ताईंच्या दुकानात पाऊल टाकलं की सगळ्यात आधी चष्मा जायचा. या नाही, बसा नाही. काउंटरच्या पलीकडून हात यायचा, नाकावरचा चष्मा उचलायचा आणि मागच्या नळाखाली साबणाचा फेस करून ताई तो खळखळून धुवायच्या. तोवर गिऱ्हाईक चाचपडत स्टूल शोधायचं. "आधी धुऊन बघू. निम्मे लोक इथंच बरे होतेत," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच, कितीतरी जण लख्ख चष्मा घालून, काहीही न घेता घरी जायचे.

नांदेडला बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं ते बोळकांडीएवढं दुकान. ठेंगणा बांधा, सुती साडीवर पांढरा कोट आणि आवाज असा की समोरचा रसवंतीवालाही दचकावा. डोळे तपासायला शिकलेल्या होत्या, पण बोलणं गावाकडचं सोडलं नाही. एकदा धर्माबादचे एक अडत व्यापारी नवीकोरी गाडी घेऊन आले. रात्री समोरून गाडी आली की डोळे दिपतात, म्हणून त्यांना चष्म्याच्या काचांवर चकाकी रोखणारं भारीतलं कोटिंग पाहिजे होतं. ताईंनी त्यांचा चष्मा धुतला, नंबर पाहिला आणि उठून सरळ त्यांच्या गाडीत जाऊन बसल्या. समोरच्या काचेवर आतून बोट फिरवलं. बोट काळं.

"शेठ, ही काच आतून कधी पुसली व्हती?"

ताईंनी ओल्या कागदानं काच स्वतः पुसून दिली आणि त्यांना वाटेला लावलं. दुकानात हाताखाली असणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं कपाळावर हात मारला. "अक्का, दुकान हाय का धर्मशाळा?"

"येतो रे परत. दिसायला लागलेला माणूस दुकान इसरत नसतो."

आता माझं सांगतो. मी ड्रायव्हर, गाडी स्वतःची. माहूरला देवीचे भाविक न्यायचे, नांदेड-लातूर भाडी मारायची, हेच माझं आयुष्य. चष्मा ताईंकडचाच, चांगला कोटिंगवाला. पण त्या वर्षी उन्हाळा सरता सरता दिवेलागणीनंतर समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसायला लागली. एकात एक, रंगीत. माझ्या वडिलांना अशीच कडी दिसायची. आम्ही हसण्यावारी नेलं. कळलं तेव्हा काचबिंदूनं एक डोळा गेला होता, दुसराही राहिला नाही. शेवटची आठ वर्षं ते भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचे.

मी घरात कुणाला बोललो नाही. संध्याकाळची भाडी नाना बहाणे करून टाळायला लागलो. गाडी गरम होते, मेव्हणा आलाय, एक ना दोन. हायवेच्या टपरीवरून 'नाईट'चा म्हणून पिवळ्या काचांचा गॉगल घेतला आणि चष्म्यावर चढवला. कडी गेली नाहीत, उलट एका रात्री रस्त्याच्या कडेचा एक म्हातारा अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही. ब्रेक वेळेवर लागला, एवढंच. घरी आलो आणि गाडीतच बसून राहिलो. बायको म्हणाली, "काय झालंय ते सांगा, न्हाईतर मी गाडीची चावी इहिरीत टाकते." मग सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या काउंटरवर मी आवाज चढवला. "ताई, दुकानातलं सगळ्यात महागाचं कोटिंग टाका. रात्रीचं. काय बी करा."

"बसा. आन् हे पिवळं काय लावून राहिलात? पिवळी काच उजेड खाते. रात्रीला आधीच उजेड कमी, त्यात तुम्ही अजून कमी करायले."

चष्मा धुतला. पण या वेळी परत दिला नाही. ट्यूबलाइटखाली तिरका धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग तपासणीची जड गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, माझ्याच नंबरची, कोटिंग असलेली काच घातली आणि मला हाताला धरून थेट रस्त्यावर नेलं. नुकतं अंधारत होतं. रसवंतीपुढची मंडळी फिदीफिदी हसत होती. समोरून सिटी बस आली. दिवे नुसतेच दिवे होते!

"आता ह्यो घाला," म्हणून त्यांनी माझा चष्मा दिला. लगेच कडी. पुन्हा फ्रेम. कडी गायब. चार वेळा केलं, तरी माझा विश्वास बसेना.

"कडी तुमच्या डोळ्यात न्हाईत भाऊ, काचेवर हायत. चष्मा ठेवता कुठं?"

मी म्हणालो, दुपारी झाडाखाली पाठ टेकायचो तेव्हा गाडीतल्या डॅशबोर्डवर, रेणुकामाईच्या पायाशी. डोळे तिनं सांभाळावेत, म्हणून.

ताई पोट धरून हसल्या. "मे महिन्यात? काचा लावलेल्या गाडीत? अहो, तापली की काच फुगते, वरचं कोटिंग फुगत न्हाई. मग तडकतं, काळं रान तडकतं तसं. देवीला तरी पडदा लावा की हो, तीबी भाजून निघाली असंल!"

मग एकदम गंभीर झाल्या. "पर वडलांचं तसं झालं म्हणता, तर डोळ्याचा दाब उद्याच्या उद्या मोजायचा. आन् दरसाल मोजायचा. मी काचेची बाई, डोळ्याचं डॉक्टर सांगंल." चिठ्ठी लिहून दिली आणि तपासून आल्याशिवाय नव्या काचा करणार नाही, असं बजावलं.

डॉक्टरांनी दाब मोजला, आतली नस पाहिली. "सगळं ठीक आहे," म्हणाले. मी जिन्यात बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. इतकं मोकळेपणी मी वडील गेल्यावरही रडलो नव्हतो. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "बरं झालं. काचा परवा घिऊन जा. डबी बी देते, खिशात ठेवायची."

गेल्या वर्षी दुकान भावाकडे सोपवून ताई लेकीकडे लातूरला राहायला निघाल्या. सामान टेम्पोनं गेलं. मला म्हणाल्या, "मला तुम्ही सोडा. उन्हाचं नको, संध्याकाळी निघू." लोहा मागे पडलं, अहमदपूरच्या पुढे पार अंधारलं. समोरून उसाचे ट्रक, एकेकाचे दिवे डोळ्यांत घुसणारे. मी म्हणालो, "काळजी करू नका ताई, सगळं नीट दिसतंय मला."

शेजारी पाहिलं तर ताईंची मान कलली होती, तोंड किंचित उघडं. माझे डोळे जिनं पारखले, ती बाई माझ्या शेजारी बिनघोर झोपली होती. लातूर येईपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.