वत्सलावहिनींची बिनधुराची चूल

आळीत एक जरी हट्टी बाई असली ना, तरी किस्से शोधत फिरावं लागत नाही. बेलवलीत आमच्या शेजारी वत्सलावहिनी होत्या, म्हणजे बघा!

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. वहिनींच्या सासूबाई, माई, दम्याने बेजार. धुरामुळे त्यांनी कित्येक वर्षं स्वयंपाकघरात पाय टाकणंच सोडलेलं. वहिनींनी कुठल्याशा प्रदर्शनात धुराड्याची मातीची चूल पाहिली आणि घरी येऊन जाहीर केलं, "आता या घरात धूर नाही!"

माई म्हणाल्या, "घराला दृष्ट लागेल, धुराने तरी झाकलेलं होतं!"

*

धुराड्याचा पाइप करून घ्यायला वहिनी आणि मी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात गेलो. सिंधी पत्रेवाल्याने लांबी ऐकली आणि हातोडी खाली ठेवली.

"बाई, रसोई बनानी है या इंजन चलाना है?"

"इंजन!" वहिनी म्हणाल्या. "नाप लो."

*

छप्पर गवताचं. वहिनींचे यजमान, नाना, अंबरनाथला फॅक्टरीत फिटर. ते म्हणाले, "छपरातून पाइप सरळ वर काढतो, तासाभराचं काम."

"आणि तापलेला पत्रा गवताला लागला म्हणजे?"

"मग काय, वडिलांनी बांधलेली भिंत फोडू?"

"घर जाळण्यापेक्षा भिंत फोडलेली बरी!"

नानांनी पहार उचलली. पाइप भिंतीतून बाहेर काढला, वळचणीपासून चांगला लांब धरून वर नेला.

*

वहिनींनी चूल घातली, ती अजून ओली, तोच नणंद मुलाबाळांसकट हजर. "नवी चूल नुसती बघायला का? पेटव की!"

"तान्ह्या बाळाला कुणी भाकरी भरवतं का?" वहिनी म्हणाल्या. पाहुण्यांचा सगळा स्वयंपाक त्यांनी अंगणात तीन दगडांवर रांधला. माती वाळल्यावर आधी नुसत्या काटक्यांचा जाळ केला. दुसऱ्या दिवशी थोडा वाढवला. भेग दिसली की विझवायची, लिंपायची, पुन्हा वाळू द्यायची. नणंद कंटाळून आपल्या घरी गेली, पण वहिनी काही हलल्या नाहीत.

*

मग एका सकाळी लाकडं घातली. धूर भिंतीबाहेर गेला. तव्यावर भाकरी टम्म फुगली.

दारात माई उभ्या. कधी आल्या कळलंच नाही. हळूच आत येऊन चुलीपाशी बसल्या. एकदाही खोकल्या नाहीत. सुनेकडे बघतच राहिल्या.

"वत्सले, तुझे केस कधी गं पिकले?"

वहिनींनी तव्यावरची भाकरी काढून माईंपुढे ठेवली. माईंनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, फुंकर घातली आणि सुनेच्या तोंडापुढे धरला.