आत्याच्या धवल्यासाठी हेडफोन

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला. "बाबा, हळदीला साउंडवाल्याची गाणी सुरू व्हायच्या आधी आत्याआजीचा धवला लागला पाहिजे. आख्खा."

आत्याआजी म्हणजे माझी आत्या. जासईच्या बाजूला एका गावात राहते. जन्मभर धवलारीण होती. आमच्याकडे लग्नातला एकेक विधी गाऊन पार पाडणारी बाई ती धवलारीण, आणि तिचं गाणं म्हणजे धवला. आता आत्याचा दम टिकत नाही. दोन कडवी झाली की ती खुर्ची शोधते. म्हणून गाणं आधीच, सवडीने, रेकॉर्ड करून ठेवायचं ठरलं. स्टुडिओत न्यायचं म्हटलं तर म्हणाली, "माझ्यानं जिनं चढवत नाय."

"मग घरीच करू," मी म्हणालो. हे वाक्य मी ज्या ज्या वेळी उच्चारलं आहे, त्या त्या वेळी शेवटी बाहेरून मिस्त्री बोलवावा लागला आहे.

तरी सुरुवात झकास झाली. माइक ऑफिसातल्या एका मित्राचा, लॅपटॉप मुलीचा. आत्या लग्नासाठी आमच्याकडेच राहायला आली होती. खोलीत आवाज घुमू नये म्हणून तिला उघड्या कपाटासमोर बसवलं. कपाटात मानपानाच्या एकेचाळीस साड्या होत्या. घुमणारा आवाज साड्या गिळतात, हा शोध माझा. त्यावर बायकोचं म्हणणं, "साड्यांचा एवढा उपयोग तुम्हाला पहिल्यांदाच कळला."

धवल्यात एक ओळ धवलारीण म्हणते आणि मागून दुसरी बाई तीच ओळ झेलते. त्याला झील धरणं म्हणतात. आत्याची जोडीदारीण आता राहिली नाही. मुलीला सुट्टी नव्हती आणि बायकोने आधीच हात वर केले होते. राहिलो मी. गणपतीत आमच्या सोसायटीच्या आरतीला माझा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातो. तिथली माणसं दारं लावून घेतात ती डासांमुळे, अशी माझी समजूत होती.

तर झील मी धरली. आत्याने गाताना डोळे मिटले होते, तेव्हा तिचं मत कळलं नाही.

आता दोन्ही आवाज आणि गावच्या एका पोराने वेगळा वाजवून दिलेला ढोल मोजून मापून एकत्र करायचे, तर हेडफोन हवा. घरातल्या इअरफोनची डावी बाजू मुकी होती. बायकोने बजेट जाहीर केलं, "लग्नाच्या पैशांना हात लावायचा नाही. गॅलरीतला जुना फ्रीज विका, येईल ते तुमचं." भंगारवाल्याने फ्रीज उचलला आणि त्या फ्रीजच्या ऐपतीत मी हेडफोन शोधू लागलो.

कामोठ्यात माइक आणि वाद्यांचं एक दुकान आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात. बरीच वर्षं आखातात साउंड सिस्टिम जोडून परत आलेले. त्यांनी माझ्या ऐपतीतले दोन हेडफोन काउंटरवर ठेवले. एक चकचकीत, कानावर लाल दिवा. दुसरा काळा, गुंडाळी वायरचा, कोर्टातल्या कारकुनासारखा.

"हा खूश करतो," चाचांनी लाल दिव्याकडे बोट केलं. "बेस वाढवून देतो. आणि हा सच बोलतो. जेवढं आहे तेवढंच ऐकवतो. गाणं बनवायचं तर हा घ्या."

"फरक पडतो?"

"साहेब, घरात सच बोलणारं एक माणूस असेलच. दुसरं सोसेल का, तेवढं बघा."

मोबाईलमध्ये गाणं कच्चं जोडलेलं होतंच. आधी काळा लावला. आत्याचा आवाज कोरडा वाटला, आणि माझा आवाज ऐकून वाटलं की हेडफोनच बिघडलेला असावा. मग लाल दिवा लावला, आणि काय सांगू! ढोल छातीत वाजला. माझा आवाज तर गाभाऱ्यातून आल्यासारखा, खोल, भारदस्त. पंचवीस वर्षं कंटेनर यार्डात ट्रेलरचे हॉर्न ऐकलेल्या माझ्या कानांना कुणीतरी पहिल्यांदाच मान दिला होता. मी लाल दिवा घेतला. चाचांनी बिल फाडलं. फक्त म्हणाले, "बिल जपून ठेवा. आठ दिवसांत बदलून देतो."

तीन दिवस संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी मिक्सिंग केलं. हेडफोनमध्ये ढोल जरा जास्तच वाटे, म्हणून तो कमी करत गेलो. माणसांचे आवाज मागे वाटत, म्हणून ते पुढे आणले. आत्याचा थोडा, माझा थोडा जास्त.

मग फाइल घेऊन सुकापूरला साउंडवाल्याच्या गोडाऊनवर गेलो. हळदीला ज्यावर गाणं वाजणार, त्याच पुरुषभर उंचीच्या बॉक्सवर त्याने ते लावलं. ढोल कुठे गेला ते कळलं नाही. आत्या कुठेतरी लांब होती. आणि सगळ्यांच्या पुढे, नाकातून, कळवळून, मी.

साउंडवाल्याने डोकं खाजवलं. "काका, राग मानू नका. पन रिक्षावर भोंगा लावून डोळे तपासणीचं शिबिर सांगत फिरतात ना, तसं वाटतंय."

घरी येऊन सांगितलं. मुलगी चिडली नाही, हाच त्रास. हळद चार दिवसांवर होती. म्हणाली, "राहू दे बाबा. आत्याआजी दोन कडवी म्हणेल, तेवढी पुरे." ते "राहू दे" मला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन बदलायला निघालो, तर आत्या रिक्षात आधीच येऊन बसलेली. "मी येतं. आवाज माझा हाय, तू एकटा जाऊन काय निवडतंस?"

चाचांनी तिला खुर्ची दिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, अंबाडा सांभाळत लाल दिव्याचा हेडफोन चढवला आणि मूळ गाणं ऐकलं.

"गोड हाय," ती जोरात म्हणाली. हेडफोन लावलेली माणसं ओरडतातच. "पन ही मी नाय. माझा आवाज येवरा भरलेला कवा व्हता?"

मग काळा. तिने डोळे मिटले. कपाळावर आठी, बोटं मांडीवर ताल धरून. "बांगड्या वाजतान. कवळी वाजते. खिडकीत कबूतर हाय." मग एकदम, "आन हा मागं कोन हाय रं?"

"मीच, आत्या. झील."

"तू?" तिने हेडफोन थोडा वर उचलला. "मना वाटलं, कोनाला इंचू चावला."

चाचा छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

मी म्हणालो, "मग हा नको ना? सगळंच ऐकू येतं ह्यात. कवळीसुद्धा."

"ह्योच घे," आत्या म्हणाली. "ह्यात माझा दम ऐकू येतो. आय मना शिकवाची तवा पयलं तेच सांगाची, बाला, दम कुटं घेयाचा ते आयक, मग गानं येतं. पोरीला पुढं कवा शिकावंसं वाटलं तर तिला तो दम आयकू नको का?"

मी लाल दिवा चाचांना परत केला. काळा लाल दिव्यापेक्षा स्वस्तच होता. उरलेल्या पैशांत चाचांनी आत्याला चहा पाजला, मला पाजला आणि वर म्हणाले, "आजींना घेऊन येत जा. धंदा समजतो त्यांना."

काळ्या हेडफोनने दोन दिवसांत काम झालं. ढोल परत आला. आत्या पुढे आली, दमासकट, बांगड्यांसकट. मग मी माझा आवाज कमी केला. अजून विंचू. आणखी कमी केला. लहान विंचू. शेवटी पुसूनच टाकला. आत्याच्या प्रत्येक ओळीनंतर आता एका ओळीएवढा नुसता ढोल राहिला होता. तिथे काय भरायचं ते सुचलं नाही, आणि दिवसही उरले नाहीत. फाइल तशीच दिली.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात गाणं लागलं. आत्याची पहिली ओळ घुमली आणि संपली. पुढे नुसता ढोल. साउंडवाल्याला वाटलं फाइल अडकली. तो बटणाकडे धावला. खुर्चीतून आत्याने हात वर केला, थांब म्हणून, आणि झील स्वतःच धरली. स्वतःच्याच मागून. दुसऱ्या ओळीला तिच्याबरोबर गावच्या चार बायका होत्या. तिसरीला बायको, जिने हात वर केले होते ती. चौथ्या ओळीला, गालाला हळद लागत असताना, मुलगी. बॉक्समधून आत्या ओळीत जिथे दम घेताना ऐकू येई, झील धरताना मुलगी नेमकी तिथेच दम घेई.

आख्खा धवला झाला. एकही कडवं गळलं नाही.

एवढ्या आवाजात एक माणूस वाढला तर कुणाला कळणार, म्हणून शेवटच्या कडव्याला मीही गळा मोकळा सोडला. मुलगी माझ्याकडे बघून हसली. साउंडवाल्यालाही काही कळलं नाही.

आत्याने मात्र न वळताच हात कानाशी नेला आणि नसलेला हेडफोन थोडा वर उचलला.