बाकीचं उद्या

रविवारची सकाळ होती. पोहे भिजवून मी कांदा चिरायला घेतला आणि फोन वाजला. इथे ह्यूस्टनला इतक्या सकाळी फोन वाजला की तो भारतातून असतो आणि बातमी चांगली नसते, म्हणून मी ओल्या हातानेच धावले. पण पलीकडे सुमतीवहिनी होत्या, आमच्याच शुगर लँड या उपनगरातल्या, चार रस्ते सोडून राहणाऱ्या. "नलू, हे गेले गं..." एवढंच त्यांना बोलता आलं. मधुकर सामंत अंघोळ करून बाहेर आले, चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले, आणि तो कप तसाच भरलेला राहिला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सामंत म्हणजे आमचे भाऊ. वेंगुर्ल्याचे, धंद्याने पाइपिंग इंजिनिअर, आणि मी पाहिलेला सगळ्यात मोठा भाषांतरकार. हे वाचून कुणाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं. भाऊंची एक ओळही कुठे छापलेली नाही, साध्या कागदावर लिहिलेलीसुद्धा नाही. तरीही मी म्हणते ते खरं आहे.

आमची ओळख एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात झाली. नव्या नोकरीला जाताना माझी जुनी गाडी फ्रीवेच्या कडेला बंद पडली. टेक्ससचं जूनचं ऊन म्हणजे नागपूरचं ऊन ओल्या फडक्यात गुंडाळून अंगावर टाकलेलं. बॉनेट उघडून मी त्या गाडीला अस्सल वऱ्हाडी शिव्या देत होते. एवढ्यात एक लांबलचक तपकिरी स्टेशन वॅगन मागे येऊन थांबली आणि काचेतून आवाज आला, "ती मेली आता उठायची नाही. डाउनटाउनला ना? चला, मलाही तिकडेच जायचंय." त्या दिवसापासून आमचा कारपूल सुरू झाला. भाऊ चालवायचे, मी शेजारी, आणि मागच्या सीटवर पुण्याचे केळकर, ज्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीत एक तरी चूक सापडायची.

पहिल्याच आठवड्यात रेल्वेचे रूळ ओलांडताना भाऊ एकाएकी काहीतरी म्हणू लागले. आधी मला वाटलं, कुणाची तरी आठवण सांगताहेत. बंदर, धुकं, कारकुनाची गळकी कचेरी, ओल्या दोरखंडांचा वास... बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ही कविता आहे. मी विचारलं, "कुणाची हो भाऊ?" ते म्हणाले, "एका फ्रेंच माणसाची. जाऊन शंभर वर्षं होत आली." त्या कवीचं नाव त्यांनी नीट फ्रेंच ढंगात उच्चारून दाखवलं. ते ना माझ्या तोंडात बसलं, ना केळकरांच्या. माणूस जन्मभर एका लहान बंदरात जकात कचेरीत कारकून होता, म्हणून आम्ही त्याला 'जकातवाले' म्हणायला लागलो. भाऊंनाही ते आवडलं असावं, कारण पुढे तेही "आज जकातवाल्यांनी मला छळलं" असं म्हणायचे.

भाऊ तरुणपणी मुंबईत असताना अल्जिरियातल्या नोकरीसाठी संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकले. नोकरी रद्द झाली, फ्रेंच राहिली. पुढे इथे जुन्या पुस्तकांच्या पेटाऱ्यात त्यांना जकातवाल्यांचं पातळसं पुस्तक सापडलं, आणि एका बंदराच्या मुलाला दुसऱ्या बंदराचा कारकून भेटला. जकातवाल्यांची गोष्ट भाऊंनी आम्हाला तुकड्यातुकड्याने सांगितली. दिवसभर आल्यागेल्याच्या पेट्या उघडून बघायच्या आणि संध्याकाळी एका परक्या, अवाढव्य इंग्रजी काव्याचं फ्रेंच करायचं. त्यात ऐन उमेदीची वर्षं गेली. प्रकाशकाने भाषांतरकाराचं नाव छापलं नाही, कारण तेव्हा तशी पद्धतच नव्हती. आणि काम पुरं झालं त्या दिवशी या माणसाने काय करावं? भाऊ हे सांगताना आवाज खाली आणायचे. "त्याला कळलं गो, की आता कुठे आपल्याला जमायला लागलंय. म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात!" केळकर मागून म्हणाले, "याला पुण्यात वेड म्हणतात." भाऊ म्हणाले, "वेंगुर्ल्यातही तेच म्हणतात." मी मात्र त्या दिवशी ऑफिसात नकाशे समोर घेऊन नुसती बसून राहिले. आपण एखादं काम पुरं झालं की हात धुतो. हात धुवून पुन्हा पहिल्या पानाशी बसणारी माणसं कसल्या मातीची असतात?

त्यातला एक माणूस रोज माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता, हे कळायला मला आणखी काही दिवस लागले. भाऊ भाषांतर लिहीत नसत. सोमवारी जी कविता म्हणायचे तीच मंगळवारी पुन्हा, एखादा शब्द बदलून. बुधवारी तो शब्द परत जागेवर, पण वाक्याची चाल निराळी. कवितांच्या जागाही ठरलेल्या. साखर कारखान्याची चिमणी मागे पडली की धुक्याची कविता, रेल्वेचे रूळ आले की बंदराची, आणि शेवटचा लांब पूल चढताना ती मोठी, 'शेवटचा उतारू'. मी किती वेळा म्हटलं असेल, "भाऊ, लिहून काढा ना हो! नाहीतर घरी चार लोकांना बोलावून म्हणा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "घरी म्हटली की लोक वा म्हणतात, आणि वा म्हटलं की माणूस थांबतो. गाडीत वा म्हणायला कुणाला सवड नसते, पुढे ट्रक असतो." एकदा मी हट्टाने टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले. संध्याकाळी लावून पाहिलं तर सगळा एसीचा घोंगावणारा आवाज, आणि त्यात मधूनच स्पष्ट, खणखणीत, केळकर सांगताहेत की भाऊ, तुमचं एक्झिट गेलं.

'शेवटचा उतारू' मला जवळजवळ पाठ झाली होती. रात्र पडत आलीय, शेवटचं गलबत धक्क्याला लागतं, सगळे उतारू आपापल्या ओझ्याची जकात भरून निघून जातात. एकच माणूस उरतो. तो मेलेला आहे असं कवी कुठेही म्हणत नाही, पण आपल्याला कळतं. कारकून त्याला विचारतो, काय आणलंस? तो हात पुढे करतो, आणि हात रिकामे असतात. यापुढे फक्त कारकुनाचं एक वाक्य आहे, आणि तिथेच भाऊ अडले होते. जन्मभर लोकांना अडवण्याचं काम केलेला माणूस पहिल्यांदाच कुणाबरोबर तरी चालायला निघतो, एवढंच ते वाक्य. मूळ फ्रेंचमध्ये ते म्हणे इतकं साधं आहे की कवितेचं वाटतच नाही. मराठीत आणलं की एक तर सरकारी कागद व्हायचा, नाहीतर अभंग. केळकरांनी 'मी तुझा सांगाती' वगैरे सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "तो कारकून आहे हो, संत नाही." मग पार्किंगच्या इमारतीत गाडी शिरायची, भाऊ 'रिकामे...' या शब्दावर थांबायचे, किल्ली फिरवायचे आणि म्हणायचे, "बाकीचं उद्या." पाच वर्षं मी हे ऐकलं. एका वाक्यासाठी पाच वर्षं! आणि ते कधी वैतागले नाहीत. रोज सकाळी त्या पुलावर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू आज ते वाक्य नक्की समोरून येणार आहे.

मग तेलाचे भाव कोसळले. ह्यूस्टनमध्ये त्या काळात कुणाच्या घरी फोन केला तरी आधी विचारावं लागायचं, नोकरी आहे ना अजून? आधी केळकरांना ले-ऑफ मिळाला, ते फ्रीमाँटला मुलाकडे गेले. या मार्चमध्ये भाऊंचा नंबर लागला. कारपूल संपला. मी एकटीच माझी गाडी चालवत जायला लागले, आणि पुलावर आल्यावर रेडिओ बंद करायची सवय लागली. ऑगस्टमध्ये भाऊंचाच फोन आला. "नलूबाई, जकातवाले बोलले बरं का." मी ओरडलेच, "सांगा!" तर म्हणतात, "फोनवर नाही. लेबर डेच्या सुट्टीत चक्कर मारू, पुलावर सांगतो." त्याच्या आधीचा रविवार आला आणि भाऊ गेले. मला खरं सांगायचं तर दुःखाच्या आत आणखी एक दुःख होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. पाच वर्षं वाट बघितलेलं ते वाक्य त्यांना सापडलं होतं, आणि ते त्यांच्याबरोबर गेलं होतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. डॅलसहून आलेली त्यांची मुलगी परत गेली. एका शनिवारी मी वहिनींकडे गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "नलू, खरं सांग. हे मनातून खचले होते का गं? तुझ्याशी गाडीत बोलायचे. जगायला कंटाळलो, असं कधी म्हणाले?" मी म्हटलं, "भाऊ? छे हो!" पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "मला काही बोलले नाहीत. नोकरी गेल्यावरही शीळ घालत हिंडायचे. पण मी ऐकलंय ना..." काय ऐकलं ते काही सांगेनात. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जाऊ दे. तुम्ही लोक गाडीत काय कविता ऐकायचात, ती तरी मला ऐकव. मी त्यांची बायको, पण मी एकसुद्धा ऐकलेली नाही."

मी तिथेच सोफ्यावर म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला अडकले. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. डोळ्यांपुढे काहीच येईना. शेवटी माझ्या लक्षात आलं. "वहिनी, चपला घाला. ही घरात आठवायची नाही." भाऊंचीच गाडी काढली. वहिनी माझ्या नेहमीच्या जागी बसल्या. त्या सीटवर त्या देवळात जाताना, वाणसामानाला जाताना शेकडो वेळा बसल्या असतील, पण या वाटेने कधी नाही. कारखान्याची चिमणी मागे पडली आणि माझ्या तोंडून आपोआप धुकं सुरू झालं. रुळांवर गाडी खडखडली तसं बंदर आलं. मला स्वतःलाच काटा आला. ज्या माणसाने एक अक्षर लिहून ठेवलं नाही, त्याने या रस्त्यावर सगळं जागच्या जागी ठेवलं होतं! वहिनी समोर बघत होत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "हे वेंगुर्ल्याचं बंदर आहे." मी म्हटलं, "नाही हो, फ्रान्समधलं आहे." त्या म्हणाल्या, "असू दे. मला त्यांच्या घरच्या ओट्यावरून दिसायचं ते हेच."

पूल चढताना 'शेवटचा उतारू' सुरू केली. शनिवार असल्याने डाउनटाउन ओस पडलेलं होतं. पार्किंगच्या इमारतीत आमच्या जुन्या जागेवर मी गाडी उभी केली तेव्हा कविता शेवटाला आली होती.

"सगळे गेले, आपापल्या ओझ्याची जकात भरून. तूच एकटा उरलास, उंबऱ्याशी. मी विचारलं, काय आणलंस? तू हात पुढे केलेस. रिकामे..."

किल्ली फिरवून मी म्हटलं, "एवढंच वहिनी. इथे कारकुनाचं एक वाक्य आहे. भाऊंना ते अगदी शेवटी सापडलं होतं, पण मला सांगायचं राहून गेलं."

मी वळून पाहिलं तर वहिनींनी दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली होती. मग त्या हळूच म्हणाल्या,

"थांब, कुलूप लावतो. मलाही तिकडेच जायचंय."

असाध्य वाटलेलं ते वाक्य इतकं साधं होतं. आणि मी ते ऐकलेलं होतं, भर उन्हात, फ्रीवेच्या कडेला, पहिल्याच दिवशी.

"रोज अंघोळीला पुटपुटायचे," वहिनी सांगू लागल्या. "इथे आल्यापासून मी ते स्तोत्रच समजत आले. पाण्याच्या आवाजात शब्द कुठे कळतात? या उन्हाळ्यात एक दिवस नळ बंद झाला आणि एवढंच स्पष्ट ऐकू आलं. मग रोजच. मला वाटलं, देवाला सांगताहेत, मला ने म्हणून. काम गेलंय, तोंडाने बोलत नाहीत, पण यांचं मन निघालंय... मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असायचे. विचारायची हिंमत झाली नाही. आणि त्या रविवारीही तेच म्हणून बाहेर आले."

"कविता मरणाचीच आहे वहिनी," मी म्हटलं. "पण भाऊ मरणाची वाट नव्हते बघत. ते या वाक्याची बघत होते. आणि ते त्यांना मिळालं होतं."

"म्हणजे खुशीत होते?"

"माझ्याशी फोनवर बोलले तेव्हा हवेत होते!"

मग त्या रडल्या. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणाने रडल्या असाव्यात. त्या रिकाम्या इमारतीत मी त्यांना थांबवलं नाही, आणि मीही थांबले नाही. नंतर पर्समधून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, सीटबेल्ट पुन्हा लावला, आणि नुकत्याच बोलायला शिकलेल्या माणसासारखं एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, "गाडी फिरव. चिमणीपाशी जाऊ. पहिल्यापासून म्हण पुन्हा. शेवटचं मी म्हणते."