दुपारी तीनची शुगर

"शुगरनं नेलं हो मॅडम, वहिनीले," एवढंच तो फोनवर म्हणाला. मी आर्वीच्या बसस्टँडवर उभी होते. भाचीचं लग्न उरकून आठ दिवसांनी सेलूला परत निघाले होते, आणि पिशवीत प्रमिलासाठी घेतलेले भाजलेले फुटाणे होते, कारण लग्नातला लाडू तिला चालणार नव्हता... मी "कधी?" विचारलं, "असं कसं झालं?" विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, शुगरनं. आणि वरून जोडलं, "पथ्य पाळलंच नाई ना तिनं." बाई जाऊन तीन तास झाले नव्हते आणि हा माणूस तिच्यावर ठपका ठेवून मोकळा झाला होता! बसस्टँडवरच मी ठरवलं, की याला सोडायचं नाही. आज दीड महिना झाला. माझा राग तसूभर कमी झालेला नाही. स्मृतिलेखात ज्यांना सगळं गोडगोड वाचायचं असतं, त्यांनी हा इथेच बाजूला ठेवला तरी माझी हरकत नाही.

तो म्हणजे प्रमिलाचा दीर, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नाव लिहीत नाही, त्याचं त्याला कळेल. प्रमिलानं आणि मी सेलूजवळच्या जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवलं. ती गणित, मी मराठी. तिचा आवाज इतका खणखणीत, की ती सातवीला पाढे विचारायची तेव्हा माझ्या वर्गातली पोरं आपोआप उत्तरं द्यायची, आणि मी चिडून भिंतीवर डस्टर आपटायचे. मधल्या सुट्टीत ती यायची आणि म्हणायची, "काऊन वं, तुझ्या कवितेत माझा तेराचा पाढा घुसला का?" नवरा लवकर गेला, मुलगी नम्रता पुण्याला नोकरीला लागली, तरी ही बाई कधी कुणाच्या दारात रडत गेली नाही. अशी बाई गोडधोड चोरून खात होती म्हणे!

पाच वर्षांपूर्वी तिच्या तोंडात जखमा झाल्या. आधी आम्हाला वाटलं उष्णता असेल. मग पाठीवर, छातीवर पाण्याचे फोड आले, फुटले, साडी अंगाला चिकटू लागली. वरणाचं पाणी गिळतानासुद्धा तिच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. दोन महिन्यांत तिचं निम्मं वजन गेलं असं वाटायचं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी अखेर आजार ओळखला आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. "बरीच वर्षं घ्याव्या लागतील," त्यांनी आधीच सांगितलं. महिन्याभरात तोंडातल्या जखमा भरून आल्या. पहिल्यांदा तिनं शाळेत डबा उघडला त्या दिवशी त्यात भाकर आणि लसणाची चटणी होती. एक घास खाल्ला आणि ही एवढी धीराची बाई ढसाढसा रडली. "तिखट लागून राह्यलं वं," म्हणाली. "तिखट लागून राह्यलं, पण जळून नाई राह्यलं!" त्या गोळीनं तिला तिचं तोंड परत दिलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे त्याच गोळीला विष म्हटलं गेलं.

गोळीनं चेहरा गोल झाला. गावातल्या बाया म्हणू लागल्या, "मॅडम, तब्येत चांगली झाली तुमची." आणि गोळीनंच शुगर वाढली. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नीट समजावलं होतं, मी सोबत होते. गोळी सकाळी घ्यायची, मग शुगर चढते ती दुपारनंतर. सकाळी उपाशी पोटी तपासाल तर चांगलीच दिसेल, त्यावर जाऊ नका. दुपारच्या जेवणानंतर तपासा, आकडा लिहा, मला दाखवा. गोळीसोबत सकाळी इन्सुलिनची सुई लावून दिली, आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ही गोळी आपल्या मनानं एकदम कधीही बंद करू नये. प्रमिला गणिताची बाई, तिला हे सगळं एकदम पटलं. दुपारी तीनची छोटी सुट्टी झाली की आम्ही पोषण आहाराच्या खोलीत शिरायचो. तांदळाच्या पोत्यावर बसून ती बोटाला टोचायची आणि मी दार धरून उभी राहायचे. कधी दोनशे दहा, कधी दोनशे नव्वद. मग रात्रीचा भात बंद, एक भाकर कमी, संध्याकाळी सेलूच्या रस्त्यानं पायी दोन फेऱ्या. निवृत्त झाल्यावरही तीनची वेळ तिनं सोडली नाही.

आता दिराकडे येते. हा माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि समाजसेवा सुरू केली. दर रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की टेबल मांडून बसायचा आणि लोकांची उपाशी पोटी शुगर फुकट तपासायचा. काम चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही, दोघातिघांचा मधुमेह त्याच्यामुळे वेळेवर कळला. पण त्यामुळे त्याला आपण डॉक्टरच आहोत असं वाटायला लागलं. प्रमिलाची शुगर त्यानं तपासली, अठ्ठ्याण्णव आली. पुढच्या रविवारी एकशेचार. झालं! "वहिनी, तुमाले काही नाई. उपाशी पोटीची शुगर हेच खरी शुगर." प्रमिलानं सांगितलं, दुपारी तीनला तीनशे येते. तो सगळ्यांदेखत हसला. "मंग सकाळपासून तीनपर्यंत तुमी काय खाता ते सांगा!" लोकही हसले. तिथून सुरू झालं. प्रमिला मॅडम चोरून खातात... लग्नात तिच्या ताटाकडे माणसं बघायला लागली. पाणी प्यायली तरी लोकांना वाटायचं शरबत आहे.

मीसुद्धा एकदा घसरले, ते लपवत नाही. तिच्या पर्समध्ये मला खडीसाखरेची पुडी सापडली आणि मी तिला झापलं. तिनं शांतपणे सांगितलं, "डॉक्टरनं गोळी कमी केली ना, सुई तेवढीच राह्यली होती. परवा अंग थरथरलं, घाम सुटला, पंचावन्नवर आली शुगर. त्याच्यासाठी आहे ते. तू बी मले चोर समजतं का?" मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मी निदान माफी मागितली.

मागच्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. प्रमिलानं सकाळपासून ठरवलं होतं, की आज पाच-सहा चमचे खीर खायची आणि त्याच्याबदल्यात दुपारी भात खायचा नाही. तिचं असं साधं सरळ गणित असायचं. आम्ही रांगेत उभ्या होतो. तिची पाळी आली, वाढणाऱ्या बाईनं वाटी भरली, आणि बाजूला उभा असलेला दीर मोठ्यानं म्हणाला, "वहिनीले नको देऊ! उद्या दवाखान्यात मलेच न्या लागते." वाटी अर्ध्यात थांबली. साठीच्या घरातली बाई, जिनं अर्ध्या गावाला बेरीज-वजाबाकी शिकवली, तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. घरी आल्यावर चपला काढताना एवढंच म्हणाली, "आता मले काईच नको वं." त्या दिवशी मी त्याला तिथेच चार शब्द सुनवायला हवे होते. गप्प राहिले, चारचौघांत तमाशा नको म्हणून. आज त्याचं व्याज चुकतं करते आहे.

मी आर्वीला गेल्यावर काय झालं ते मला नम्रतानं आणि शेजारणीनं नंतर सांगितलं. दिराला मोबाईलवर कुठेतरी वाचायला मिळालं, की स्टेरॉइडनं शुगर वाढते. जे डॉक्टरीणबाई चार वर्षांपासून सांगत होत्या, ते यानं आता शोधून काढलं! पण त्यातून यानं काय काढावं? "हे गोळीच विष आहे. बंद करा, शुगर बंद होते." सुई चालू ठेवली आणि गोळी बंद. फाईल त्यानं वाचली होती. तेच मला सहन होत नाही. लाल अक्षरं वाचून म्हणाला, "डॉक्टरले गिऱ्हाईक सोडवत नाई, म्हणून लिहितात असं." आणि प्रमिलानं ऐकलं. का ऐकलं? मूर्ख होती म्हणून नाही. गावानं चोर ठरवलं होतं म्हणून. तिला एकदा दाखवून द्यायचं होतं, की ती चोरून खात नाही.

गोळी बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी तिचा फोन आला. इकडे मांडवात बँड वाजत होता. "आज तीनला एकशेबारा आली वं! एकशेबारा! भाऊजीनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आता म्हणू दे कोणी चोरून खाते म्हणून!" मी आनंदानं ओरडले, "वा प्रमिले!" ती म्हणाली, उलटीसारखं होतं, उभं राहवत नाही, उन्हानं असंन. मी म्हटलं, लिंबूपाणी पी. बावीस वर्षं सोबत राहून मी एवढंच म्हटलं. गोळी घेतली का, एवढे तीन शब्द मी विचारले नाहीत... हा काटा माझा मलाच टोचतो, तो कुणावर ढकलत नाही. पुढचे दोन दिवस उलट्या होत राहिल्या, पोटात दुखत राहिलं. दीर रोज यायचा आणि सांगायचा, "शरीरातली गोळी निघून राह्यली. चांगलं लक्षण आहे." सातव्या दिवशी दुपारी ती खाली कोसळली. वर्ध्याला पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

मी नंतर फाईल घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "गोळी कोणी बंद केली?" मग सांगितलं, की इतकी वर्षं बाहेरून गोळी मिळाली की शरीर स्वतःचं ते रसायन बनवणं थांबवतं. गोळी एकदम काढली की शरीर उघडं पडतं. उलट्या, अशक्तपणा, खाली येणारी शुगर, ही त्याचीच लक्षणं होती. शुगर चांगली झाली असं सगळे म्हणत होते, तेव्हा ती जात होती.

आणि मग तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. विहाराचं सभागृह भरलं होतं, तिचे विद्यार्थी पार अल्लीपूरहून आले होते. दिरानं माईक घेतला. वहिनी मातेसमान होत्या वगैरे झालं, आणि मग आवाज कापरा करून म्हणाला, "पण जिभेवर ताबा नव्हता. आपल्या सगळ्यांसाठी हा धडा आहे." लोकांनी माना डोलावल्या! नंतर जेवणात खीर होती. "वहिनीले खीर लय आवडे," असं म्हणत तो स्वतः पंगतीत वाढत फिरत होता. माझ्या पानापाशी आला तेव्हा मी पानावर हात आडवा धरला आणि उठून गेले.

पुण्याला परत जाताना नम्रतानं शुगर तपासायची मशीन मला दिली. "मावशी, हे तुमच्याजवळच राहू द्या." आठवड्यानं दीर दारात हजर. "मॅडम, ते मशीन देता का? माझं बिघडलं. विहारात लोकायच्या कामाले येईन, वहिनीले पुण्य लागंन." मी त्याला बसवलं, पाणी दिलं, मशीन त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, "बाजूचं बटण दाबा. मागचे आकडे दिसतात, वेळेसकट. मोठ्यानं वाचा." त्याला वाटलं कसं चालवायचं ते दाखवते आहे. त्यानं दाबलं. "एक्कावन... दुपारचे दोन अठ्ठावन." हा तिचा शेवटचा आकडा. शुगर वाढून गेली म्हणे! मी म्हटलं, "पुढे." "चौसष्ट." "पुढे." "शाहान्नव." "पुढे." "एकशेबारा..." हा त्याच्याच फोटोतला आकडा. त्यानं ओळखला. अंगठा बटणावर तसाच राहिला. "झालं गेलं आता मॅडम," तो म्हणाला. "माझा हेतू वाईट नोयता." हेतू! मी म्हटलं, "भाऊ, याच्यामागे अजून आकडे आहेत. दोनशे साठ, दोनशे नव्वद. सगळे दुपारी तीनचे. ज्याच्यावरून तुम्ही तिला चोर म्हटलं. वाचा." त्यानं मशीन टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेला.

मशीन आता माझ्या कपाटात आहे, तिच्या लाल काठाच्या रुमालात गुंडाळलेली. तिच्यात ठरावीकच आकडे मावतात. नवीन थेंब घातला की सगळ्यात जुना एक आकडा निघून जातो. म्हणून मी तिला कुणाचं बोट लावू देत नाही. माझी शुगर मी बाहेर पैसे देऊन तपासते. दुपारी तीन वाजले की रुमाल सोडते, बटण दाबत दाबत मागे जाते, आणि पोषण आहाराच्या खोलीचं दार धरून उभी राहिल्यासारखी तिथेच थोडा वेळ उभी राहते...

भाऊ, रविवारी विहारातून आल्यावर चहासोबत तुम्ही ही पुरवणी वाचता, हे मला ठाऊक आहे. मी कुठे जात नाही, तीनला घरीच असते. या, आणि एकशेबाराच्या मागचे सगळे आकडे मोठ्यानं वाचून दाखवा. मग येत्या पौर्णिमेला ज्या माईकवरून बोललात त्याच माईकवरून सांगा, की वहिनी चोरून खात नव्हती आणि गोळी मी बंद केली. तोवर मशीन मिळणार नाही.