मामा येणार होते, आणि मला कुणी सांगितलंच नाही

एक्याऐंशी सालचा मे महिना, वडनेर. आमच्या अंगणात उन्हाळ्याचा मांडव पडत होता आणि पाहुणे कोण येणार, ते मला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी मूळची साताऱ्याची. हे पुण्यात शिकायला आले होते, तिथेच ओळख झाली आणि लग्न केलं. सासरी येऊन दोन वर्षं झाली होती, तरी वऱ्हाडी बोलणं मला अर्धंच कळायचं... आणि न बोललेलं तर अजिबातच नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सकाळीच जांभळीच्या डहाळ्यांची गाडी भरून घेऊन आले. म्हणाले, "सूनबाई, संध्याकाळी पाव्हणे येऊन राह्यले. अंगन मस्त सजव."

कोण पाहुणे? "घरचेच हाय." सासूबाईंना विचारलं तर त्या रसाचे आंबे पिळत राहिल्या. ह्यांना विचारलं तर "आईला विचार" म्हणून मळ्यात निघून गेले. नणंद तर तोंडाला पदर लावून पळालीच.

शेवटी मी विचारणं सोडलं आणि कामाला लागले. अंगणात सडा घातला, बाजा काढल्या, त्यांच्यावर धुतलेल्या चादरी टाकल्या. माठाला मोगऱ्याचा गजरा गुंडाळला. वांगी भरायची एक जुनी टोपली उपडी करून बल्बवर टांगली... उजेडाची जाळी साऱ्या अंगणभर पडली. मामाजी बराच वेळ वर बघत होते. "बल्ब झाकला काऊन?" एवढंच म्हणाले.

राहता राहिली समोरची मातीची भिंत. तिचे पोपडे निघाले होते आणि पाहुणे नेमके तिच्याच समोर बसणार होते. सासूबाईंनी आतूनच सांगितलं, "पेटीतून घे काय पायजे ते."

पेटीत एक हिरवंगार, जरीच्या काठाचं लुगडं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी ते भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून लावलं. काय सुंदर दिसलं म्हणून सांगू... स्वतःवरच खूश होऊन मी सासूबाईंना हाक मारली.

त्या हात पुसत बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. चेहरा उतरला. रागावल्या, घाबरल्या, काहीच कळेना. "अवं माय, हे काऊन..." एवढं म्हणाल्या आणि तेवढ्यात फाटकाशी नणंद ओरडली, "मामा आले!"

मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, रोहण्याचे. मी त्यांचं नाव ऐकलं होतं, पण त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्या लग्नालाही ते आले नव्हते. का, ते मी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

उंच माणूस, धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर थैली. त्यांची नजर मांडवावरून फिरत भिंतीवर गेली आणि तिथेच अडकली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"शांते, माह्यं लुगडं तू भितीले टांगलं?"

सासूबाई खाली बघत होत्या. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण चूक माझी आहे एवढं नक्की होतं.

"मामा, ते मी लावलं," मी म्हटलं. "पेटीत सगळ्यात चांगलं तेच होतं. पाहुण्यांसाठी म्हणून लावलं. पाहुणे कोण, ते मला कुणी सांगितलंच नाही."

मामा बहिणीकडे वळले. "इले सांगतलं नाई काऊन?"

तेव्हा सासूबाईंनी मान वर केली. "काय सांगू? तुह्यी पोरगी सून म्हून नाई केली, म्हून तू दोन साल रुसला, हे सांगू इले? मंग कोणत्या हातानं सजवलं असतं इनं अंगन?"

म्हणजे ज्या मुलीच्या जागी मी आले होते, तिच्या वडिलांसाठी मी दिवसभर राबत होते.

सासूबाई थांबल्या नाहीत. "अन् ते लुगडं तू भाऊबीजेले देल्लं होतं. पोराच्या लग्नात नेसीन म्हून ठेवलं. तू आलाच नाई, तं कोणासाठी नेसू?"

मामांनी थैली खाली ठेवली. चपला काढल्या. मग स्वतःच भिंतीपाशी जाऊन लुगडं सोडवलं, काठाला लागलेली माती हातानं झटकली आणि बहिणीला दिलं. "जाय. नेसून ये."

त्या आत गेल्या. मला मात्र पाया पडावं की आत पळावं, तेच सुचेना. नणंदेनं पाठीत बोट टोचलं तेव्हा मी वाकले. मामांनी डोक्यावर हात ठेवला. मी वाढलेला आमरस त्यांनी तीन वाट्या घेतला... मी मोजला नव्हता, नणंदेनं मोजला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते परत निघाले. फाटकाशी थांबले, ह्यांच्याकडे न बघता सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "रोहण्याले येजो. दोघंबी येजो."

दोन दिवसांत, न बोललेल्यासकट, मला पूर्ण समजलेलं ते पहिलं वाक्य.

आम्ही गेलो. मामांच्या त्याच लेकीनं, जी तोवर आर्वीला दिली होती आणि माहेरी आली होती, स्वतः मला ओवाळलं. माझ्या सासरच्या घरानं मला आधी काही न सांगून किती सांभाळलं, ते मला फार उशिरा कळलं... आणि आज सासूबाई असत्या, तर त्यांना तेवढंच सांगायचं होतं.